वस्तूंचे नातेवाईक

साळिंदराचा काटा ओला करून दातांत धरायचा आणि हळूच बाहेर ओढायचा. गोल काटा दबून चपटा होतो, त्याची लवचीक फीत बनते. ती ओली आहे तोवरच स्नायूच्या धाग्यावर दुमडत, एकीत दुसरी अडकवत कातड्यावर टाचत जायची. सुकली की जिथे वळवली तिथेच ती आवळून बसते. टाके घालणारी आरी कातड्याच्या आरपार जात नाही, वरच्या थरातून आडवी निघते. त्यामुळे सदरा उलटा करून पाहिला तरी आतल्या बाजूला टाक्याचा मागमूस सापडत नाही.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर युरोपातले काचेचे मणी पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून बायका हे भरतकाम करत होत्या. आपल्याकडच्या साळिंदराचे काटे वीतभर लांब आणि जाड असतात. तिकडचं साळिंदर झाडावर चढणारं, त्याचे काटे जेमतेम बोटाएवढे आणि बारीक, पण एकेका जनावराच्या अंगावर तीसेक हजार. पिवळा रंग हवा असेल तर झाडांवर वाढणाऱ्या एका पिवळ्याधमक दगडफुलाबरोबर ते उकळायचे. त्याच मैदानांवरच्या ब्लॅकफूट लोकांमध्ये तर कुणीही उठून हे काम करायला बसायचं नाही असा दंडक होता. त्याचा हक्क विधिपूर्वक मिळवावा लागे, एका बाईकडून दुसरीकडे तो सोपवला जाई.

अशा कामाचे पाच सदरे इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. १८४१ मध्ये हडसन्स बे कंपनीचा गव्हर्नर सर जॉर्ज सिम्प्सन आजच्या कॅनडाच्या पश्चिम भागातून प्रवास करत होता, बरोबर त्याचा सचिव एडवर्ड हॉपकिन्स होता. त्या प्रवासात हे सदरे त्यांच्या हाती आले आणि १८९३ मध्ये संग्रहालयात दाखल झाले. एवढे जुने ब्लॅकफूट सदरे जगात मोजकेच उरले आहेत. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी ते शिवले त्या समाजाचे चार गट आज एका आंतरराष्ट्रीय सीमेच्या दोन्ही अंगांना राहतात: कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात सिक्सिका, कायनाई आणि पिकानी, तर अमेरिकेच्या मोंटाना राज्यात आमस्कापी पिकुनी.

अशी वस्तू सांभाळायची म्हणजे काय, याचं एक शास्त्र गेल्या शतकात उभं राहिलं. साळिंदराचा काटा, माणसाचा केस, घोड्याचा केस हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं, आणि कसरीला ते फार आवडतं. उजेडाने वनस्पतींचे रंग उडतात, म्हणून अशा वस्तूवर ५० लक्सहून जास्त प्रकाश पडू द्यायचा नाही. तेवढा उजेड आपल्याला मंदच वाटतो. हवेतली आर्द्रता वरखाली झाली की कातडं ताणतं आणि आकसतं, त्यावरचे वाळून ठिसूळ झालेले काटे त्याच्याबरोबर हलू शकत नाहीत आणि तुटतात. म्हणून थंड, अंधाऱ्या, स्थिर हवेच्या भांडारात, आम्लरहित कागदावर सदरा आडवा ठेवायचा आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याला हात लावायचा नाही. या शास्त्राबद्दल मला मनापासून आदर आहे. ते नसतं तर आज बोलायला सदरेच उरले नसते.

तरीही २०१० मध्ये पिट रिव्हर्सने हे पाचही सदरे खोक्यांत भरून अटलांटिकपलीकडे पाठवले, आणि तेही हात लावण्यासाठी. कॅल्गरीच्या ग्लेनबो संग्रहालयात आणि लेथब्रिजच्या गाल्ट संग्रहालयात ते आधी टेबलांवर उघडे मांडले गेले. ब्लॅकफूट समाजातले वडीलधारे, विधी चालवणारे, कलाकार, शाळा-कॉलेजातली मुलं असे पाचशेहून जास्त लोक गटागटाने येऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी सदऱ्यांवरून हात फिरवले, बाही वर उचलून आतली शिवण पाहिली, त्यांच्याशी बोलले. पुढे प्रदर्शन भरलं त्याचं नाव ब्लॅकफूट भाषेत होतं, आणि त्याचा अर्थ ‘आमचे पूर्वज भेटीला आले आहेत’ असा. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा पियर्स आणि ॲलिसन ब्राउन यांनी ब्लॅकफूट समाजाबरोबर हा प्रकल्प चालवला.

संवर्धकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दीडशेहून जास्त वर्षांचा सदरा, सुटू पाहणारे काटे आणि हजार हात. हा धोका कुणी का पत्करावा? कारण सदऱ्याबद्दलची माहिती निम्मी सदऱ्यात असते आणि निम्मी माणसांत. धागा कुठल्या जनावराचा, रंग कुठल्या मुळीचा, टाका कसा वळवला हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. छातीवरच्या रंगवलेल्या पट्ट्या म्हणजे तो घालणाऱ्याच्या पराक्रमांची नोंद, ती कशी वाचायची हे माणसं सांगतात. पाचांपैकी तीन सदऱ्यांच्या बाह्यांवर केसांच्या बटा लोंबतात. बाहेरच्या लोकांनी असे सदरे बघितले की शत्रूची टाळू कापून आणलेले केस असं ठोकून द्यायची पद्धत होती. समाजातले जाणते मात्र सांगतात की असे केस जिवाभावाच्या माणसांनी दिलेले असत, आवडत्या घोड्याचेही असत. एकाच बटेच्या या दोन नोंदी. पहिली वाचून माणूस मागे सरकतो. दुसरी वाचल्यावर त्या बाईचा, भावाचा, घोड्याचा विचार करत तो तिथेच थांबतो.

आणि शिवणीचं काय? काट्यांचं भरतकाम पुस्तकातल्या फोटोवरून शिकता येत नाही. घडी कुठल्या दिशेने पडली आहे, टोक कुठे लपवलं आहे, धागा किती ओढला आहे हे बोटाच्या अंतरावरूनच कळतं. स्वतः हे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना १८४१ पूर्वीच्या एका निष्णात कारागिरिणीच्या हाताची सवय समोर दिसत होती. एवढं निकटचं शिक्षण देणारी दुसरी शाळा त्यांना मिळणार तरी कुठे? १८९५ मध्ये कॅनडा सरकारने तिथल्या मूळ रहिवाशांच्या अनेक विधींवर कायद्याने बंदी घातली, ती उठली १९५१ मध्ये. त्या काळात आणि पुढेही मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत कोंबलं गेलं, तिथे त्यांना स्वतःची भाषा बोलायची चोरी होती. आजीने नातीच्या हातात आरी द्यायची ती साखळी अशी जाणूनबुजून तोडली गेली. साखळी तुटण्याआधीच्या काळातले हे सदरे म्हणूनच नुसते सुंदर नाहीत, त्यांची गरज आहे.

भेट संपल्यावर सदरे ऑक्सफर्डला परत गेले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, आणि तिथे जमलेल्यांपैकी अनेकांना ते किती जड गेलं असेल याची कल्पना करता येते. दुसरीकडे, इंग्लंडमधल्याच एक्सेटरच्या संग्रहालयाने २०२२ मध्ये सिक्सिकांचा थोर नेता क्रोफूट याचा पोशाख कायमचा परत केला. १८७७ च्या सातव्या करारावर ज्या नेत्यांनी ब्लॅकफूटांच्या वतीने खुणा केल्या त्यांत क्रोफूट अग्रणी होता.

ज्या ग्लेनबोमध्ये हे सदरे उतरले, तिथली एक हकीकत याहून जुनी आहे. ब्लॅकफूटांच्या काही पवित्र वस्तू कातड्यात गुंडाळून गाठोड्याच्या रूपात जपल्या जातात. त्यांतल्या एका प्रकारच्या गाठोड्यात चिलीम असते आणि वसंतात पहिला गडगडाट ऐकू आला की ते विधिपूर्वक उघडायचं असतं. बंदीच्या आणि उपासमारीच्या काळात अशी अनेक गाठोडी संग्राहकांच्या हाती गेली, तिथून संग्रहालयांत आली आणि मिटलेलीच राहिली. बाहेर दर वर्षी ढग गडगडत होते. १९९० मध्ये ग्लेनबोने असं एक गाठोडं विधीसाठी ब्लॅकफूट कुटुंबाला उसनं दिलं. संग्रहालयाच्या भाषेत हे ‘लोन’ होतं आणि त्यात धूर, हाताळणी, झीज सगळं आलं. समाजाच्या दृष्टीने तीच त्या गाठोड्याची देखभाल होती. ते जिवंत आहे, त्याला धूप दाखवावा लागतो, त्याच्याशी बोलावं लागतं, आणि एकटं बंद ठेवलं तर त्याची आबाळ होते. उसनवारीचे असे व्यवहार वाढत गेले, विश्वास बसत गेला. २००० मध्ये अल्बर्टाने त्यासाठी खास कायदा केला आणि ग्लेनबोने २५१ पवित्र वस्तू ब्लॅकफूटांना कायमच्या दिल्या. आज जगातली कितीतरी संग्रहालयं आपल्या इमारतीत सुगंधी गवताचा धूर करू देतात. त्यासाठी धुराची सूचक यंत्रं थोडा वेळ बंद ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या संवर्धकाला हे सांगितलं असतं तर त्याने कानांवर हात ठेवले असते.

मात्र परत गेलेल्या वस्तूंबरोबर एक भयानक गोष्टही घरी गेली. एकोणिसाव्या शतकापासून संग्रहालयं कीड लागू नये म्हणून वस्तूंवर विष मारत आली. कातड्यांना आर्सेनिकचा साबण चोळायचा, केसापिसांवर पाऱ्याचा क्षार लावायचा, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी. हेतू जतनाचाच होता. काचेआड ठेवायच्या वस्तूवर मारलेलं विष कुणाला बाधेल असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ती वस्तू पुन्हा कधी कुणी अंगावर चढवेल हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. पण मुखवटा तोंडावर बांधायचा असतो, चिलीम ओठांत धरायची असते. अमेरिकेत १९९० मध्ये मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा झाला. त्यानंतर ॲरिझोनातल्या होपी लोकांना आपल्या पवित्र वस्तू परत मिळाल्या, आणि त्यांतल्या काहींवर आर्सेनिक आढळलं.

हे विष शोधायचं कसं, त्यातली गंमत मला फार मोलाची वाटते. पिस्तुलाएवढं एक यंत्र वस्तूजवळ धरतात. त्यातून निघालेले क्ष-किरण अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकाम्या जागेत बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन येतो आणि येताना स्वतः एक क्ष-किरण सोडतो. त्या किरणाची ऊर्जा दर मूलद्रव्याची वेगळी, त्यामुळे वस्तूचा कण न कण जागच्या जागी ठेवून तिच्यात काय आहे ते कळतं. पण निसर्गाने इथे एक कोडं घालून ठेवलंय. आर्सेनिकची एक ठळक रेषा आणि शिशाची एक ठळक रेषा जवळजवळ एकाच ऊर्जेवर, साडेदहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास पडते. इतर रेषा पडताळल्याशिवाय दोन्हींतला फरक सांगता येत नाही.

पाऱ्याचं कोडं तर यंत्राला एकट्याने सुटतच नाही. यंत्र म्हणतं, पारा आहे. तो कुणा संग्रहालयाच्या नोकराने मारलेल्या कीटकनाशकातला, की हिंगुळातला? हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. हा लालभडक रंग व्यापाऱ्यांकडून मैदानांवरच्या लोकांपर्यंत पोहोचत होता आणि चेहऱ्याला, कपड्यांना, पवित्र वस्तूंना लावला जात होता. दोन्ही पारे यंत्राला सारखेच दिसतात. हिंगुळातला पारा सहजी सुटत नाही, कीटकनाशकातला पाण्यात विरघळतो, त्यामुळे दोन्हींतला धोका सारखा नाही. अशा वेळी रंग कुठे लावायची रीत होती आणि कुठे नव्हती, हे जाणणारा माणूस शेजारी हवा. जिथे रंग असायलाच हवा तिथे पारा दिसला तर एक अर्थ, जिथे रंग लावण्याचं कारणच नाही तिथे दिसला तर दुसरा. भौतिकशास्त्र आणि आजोबांची आठवण एकाच प्रश्नाच्या उत्तराला लागतात.

आता याच्या पलीकडचा मुद्दा, ज्याने संवर्धनाच्या व्याख्येलाच हात घातला. न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांत जुळे युद्धदेव आहेत. दर वर्षी डिसेंबरात सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो तेव्हा, अस्वल कुळाचे आणि हरीण कुळाचे जाणते त्यांच्या लाकडी मूर्ती घडवतात. झुनी त्यांना अहायुदा म्हणतात. त्या उघड्या पठारावरच्या ठाण्यात स्थापन होतात, आणि आधीच्या मूर्ती बाजूला होऊन ऊन, वारा, पाऊस, बर्फ खात तिथेच राहतात. त्या विरत जाणं हेच त्यांचं काम आहे. विरताना त्यांची शक्ती जमिनीत आणि जगात पसरत असते. गणेशाची मृण्मूर्ती दर वर्षी स्थापून पाण्यात सोपवणाऱ्या मराठी घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

अशा मूर्ती लोक ठाण्यांवरून उचलून नेत आणि त्या संग्रहालयांत, लिलावांत पोहोचत. झुनींनी १९७८ पासून त्या परत मागायला सुरुवात केली. त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि अभेद्य: अहायुदा सगळ्या समाजाच्या आहेत, त्या विकण्याचा किंवा देण्याचा अधिकार कुणाही एकाला नाही, म्हणजे झुनी भूमीबाहेर असलेली प्रत्येक अहायुदा चोरीचीच. डेन्व्हरच्या कला संग्रहालयाने १९८० मध्ये आपल्याकडच्या मूर्ती परत केल्या, स्मिथसोनियनने १९८७ मध्ये. परत आलेल्या मूर्ती झुनींनी काचेच्या पेटीत ठेवल्या नाहीत. चोरी होऊ नये म्हणून त्यांनी भक्कम बंदोबस्ताची जागा केली, पण वरून आकाश मोकळं. तिथे त्यांचं अर्धवट राहिलेलं विरणं पुन्हा सुरू झालं. डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या मूर्तींना अखेर पाऊस मिळाला.

संग्रहालयांच्या जगात तेव्हा यावर पुष्कळ वाद झाला. जपण्यासाठी आणलेली वस्तू नष्ट होण्यासाठी कशी द्यायची? मला वाटतं, प्रश्नच उलटा होता. झुनींकडे दर वर्षी नवी मूर्ती घडवणारे हात आहेत, ती कधी, कुणी, कुठल्या मंत्रांनी घडवायची हे जाणणारी कुळं आहेत. जतन तिथे अखंड चालू होतं, फक्त ते लाकडात नव्हतं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायस्ला लोकांनाही याच प्रश्नातून जावं लागलं. देवीच्या साथीत आप्त गेल्यावर त्यांच्या एका प्रमुखाने १८७२ मध्ये जवळपास नऊ मीटर उंचीचा कोरीव स्तंभ उभारवला होता. १९२९ मध्ये तो तोडून स्वीडनला नेण्यात आला. हायस्लांनी तो शोधून परत मागितला, बदल्यात नवा स्तंभ कोरून द्यायची तयारी दाखवली आणि दिलाही. स्टॉकहोमच्या संग्रहालयाचा आग्रह होता की जुना स्तंभ तापमान-नियंत्रित इमारतीत ठेवावा. हायस्लांच्या परंपरेत उभारलेला स्तंभ एक दिवस आडवा पडतो आणि मातीत मिसळतो. २००६ मध्ये तो मायदेशी आला, काही वर्षं किटिमाट शहरातल्या एका मॉलमध्ये राहिला, आणि शेवटी त्याला त्याच्या मूळ ठिकाणी, किटलोपच्या खोऱ्यात नेऊन ठेवलं. या सगळ्या व्यवहारात हायस्लांच्या नव्या पिढीच्या कारागिरांनी एकाहून जास्त स्तंभ कोरले, हे मला विसरता येत नाही.

आपल्या देशाचा यात जिवंत संबंध आहे, आणि तो पुन्हा पिट रिव्हर्सशीच येऊन भिडतो. वसाहतकाळात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नागा टेकड्यांतून गोळा केलेल्या हजारो वस्तू तिथे आहेत: शाली, दागिने, भाले, टोपल्या. त्यांच्यासोबत नागांच्या पूर्वजांचे अवशेषही, कवट्या आणि हाडं. २०२० मध्ये संग्रहालयाने सगळे मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून भांडारात ठेवले. त्याच सुमारास फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन या मंचाने पूर्वजांना घरी आणण्याचं काम हाती घेतलं, आणि नागा संशोधकांचा एक गट गावोगाव जाऊन वडीलधाऱ्यांशी, चर्चच्या लोकांशी, विद्यार्थ्यांशी बोलू लागला. कारण परत आणायचं ठरलं तरी पुढचे प्रश्न सोपे नाहीत. आज बहुसंख्य नागा ख्रिस्ती आहेत. त्या काळातल्या पूर्वजांना निरोप द्यायचा तो कुठल्या रीतीने? कुठल्या गावचा कोण हे संग्रहालयाच्या नोंदीत नसेल तर त्याला कुणाच्या मातीत ठेवायचं? सगळ्या जमातींनी मिळून एक जागा करायची की वेगवेगळ्या? पारंपरिक शाल पांघरायची असेल तर ती विणायची कुणी?

या प्रश्नांची उत्तरं ऑक्सफर्डच्या कुठल्याही फायलीत नाहीत. ती कोहिमाच्या, दिमापूरच्या, टेकड्यांवरच्या लहान लहान गावांतल्या बैठकांत ठरत आहेत, आणि संग्रहालयाने त्यासाठी थांबायचं कबूल केलं आहे.